मॉडेलच्या मागची जागा

८ सप्टेंबर, सोमवार

आले एकदाची नगरला. गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलंय, पण अकोले स्टँडपासून कंडक्टर आणि माणसं सगळे नगरच म्हणत होते. अप्पा सोबत होते. दोन वर्षं त्यांनी हो म्हटलं नव्हतं. राजूरच्या शाळेत ते मराठी शिकवतात, आणि मीही शिक्षिकाच व्हावं असं त्यांचं ठरलेलं. संगमनेरला फाउंडेशनचं वर्ष केलं तेव्हाही घरात वर्षभर अबोला होता. आता इथं चित्रकलेच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला, आणि आज सकाळी अप्पांनी स्वतः माझा ड्रॉइंग बोर्ड सुतळीने ट्रंकेला बांधला. गाठ इतकी पक्की की सोडवायला मला इथं दात लावावे लागले.

खोली केडगावात, पुणे रस्त्यापासून आत, मालकांच्या घरावर. वेगळा जिना आहे. सोबतीण रोहिणी. ती माझ्याच वर्गात, पाथर्डीकडची. घरी ज्वारी आणि कापूस. मी पोचले तर तिने खिडकीजवळची कॉट आधीच माझ्यासाठी मोकळी केली होती. का विचारलं तर म्हणाली, मला उजेडात झोपच येत न्हाई. चहा करते तो मात्र लई गोड.

स्टँडवर परतताना अप्पा खूप वेळ पिशवीची मूठ नीट करत राहिले. मग म्हणाले, "काढ चित्रं. पण वेळेवर जेवत जा."

एवढंच. पण मला पुरलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कॉलेज आवडलं. आमचा पेंटिंगचा हॉल म्हणजे पूर्वीची कांद्याची वखार. उंच पत्रा, मधे लोखंडी खांब, उत्तरेला रांगेने खिडक्या. दुपारी पत्रा तापला की भिंतींतून अजूनही कांद्याचा वास येतो. उजेड मात्र असा, की माणसाच्या चेहऱ्यावरची प्रत्येक खळगी वेगळी दिसते.

भागवत सर आम्हाला पोर्ट्रेट शिकवतात. ठेंगणे, शांत, शर्टाच्या बाहीला कायम चारकोल. त्यांचं एकच म्हणणं: आधी आकार बघा, माणूस नंतर. नाक काढायला गेलात तर नाक चुकेल; उजेडाचा आणि सावलीचा तुकडा काढा, नाक आपोआप येईल.

वर्गात वीसेक जण. पहिल्या वर्षापासून एकत्र, त्यामुळे त्यांचे आपापसातले विनोद मला कळत नाहीत. सगळ्यांत चांगला हात शौनकचा. नगरचाच आहे. खांबाजवळ बसतो, कुणाशी फारसं बोलत नाही. तो रेघ मारतो तेव्हा बाकीचे नकळत थांबून बघतात.

मॉडेल म्हणून गोजरबाई येतात. केडगावच्याच. वर्षानुवर्षं या वर्गासाठी बसतात. भिंतीला टेकून लाकडी चौथरा, त्यावर स्टूल, त्यावर त्या. कानांची भोकं ओघळून लांब झालेली. हलतच नाहीत. मी त्यांचा कान काढला आणि सर जाताजाता म्हणाले, कान ऐकतोय. रात्री रोहिणीला तीनदा तरी सांगितलं असेल मी हे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज एक गंमत झाली. सरांनी चौथरा भिंतीपासून ओढून हॉलच्या मध्यावर आणला. सगळ्यांनी गोल बसायचं. समोरून, बाजूने, पाठून, ज्याला जे दिसेल ते काढायचं. या सत्राचं मुख्य काम हेच, पूर्ण पोर्ट्रेट, सबमिशनला धरलं जाणारं.

गोजरबाई आल्या, चौथऱ्याकडे बघितलं आणि चढल्याच नाहीत. सरांनी गोडीने समजावलं. त्या म्हणाल्या, बसते तर भितीला टेकून. सरांनी कारण विचारलं.

"पाठीमागं मोकळं नगं मला," म्हणाल्या, पिशवी उचलली आणि गेल्या.

सर जरा चिडले. मग म्हणाले, वर्गातलं कोण बसेल? तीन-चार आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा. जो बसेल त्याचं सबमिशन वेगळं घेऊ. कुणी हात वर करेना. मी केला. खरं सांगायचं तर इथं कुणी मला नीट ओळखत नाही. म्हटलं, इतके दिवस चेहरा बघतील तर ओळख तरी होईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर्गातला करण म्हणाला, चला, सगळ्या वर्गाचा एकदम मुलगी बघायचा कार्यक्रम. हसले सगळे. मीही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज पहिल्यांदा बसले. हनुवटी खिडकीकडे, हात मांडीवर, नजर खांबावरच्या एका खिळ्यावर. पहिला थोडा वेळ हसू येत होतं, नंतर पायाला मुंग्या, नंतर काहीच नाही. सगळीकडून चारकोलचा आवाज. आई भाकरी थापताना परातीत पिठाचा हात फिरतो ना, तसा. मला झोपच येऊ लागली.

काम पूर्ण होईपर्यंत मॉडेलने कागद बघायचे नाहीत असा सरांचा नियम. नाहीतर मॉडेल स्वतःला सुंदर करत बसतं म्हणे.

इतकी माणसं इतका वेळ आपल्याकडे बघतात हे छान वाटतं. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, दृष्ट लागेल, मीठमोहऱ्या ओवाळून टाक. मी म्हटलं, इथं मोहरी मेसमध्ये असते.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज घटस्थापना. सर उशिरा आले. मी नियम मोडला आणि कागद बघितले. तोवर माझ्या तीन बैठका झाल्या होत्या.

माझ्या मागे कुणीतरी उभं आहे.

एका कागदावर नाही. सगळ्यांच्या. रोहिणी उजवीकडून बसते, तिच्या कागदावर माझ्या मागे एक खांदा आणि सरळ खाली सोडलेला लांब हात. करण समोरून बसतो, त्याच्यात माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी केस दिसतात, माझे नसलेले. मोनिका पाठून काढते. तिच्या कागदावर मी जवळजवळ नाहीच. एका बाईची पाठ आहे, ओल्यासारखे मोकळे केस, आणि तिच्या कोपरापलीकडे माझ्या स्टुलाचा एक पाय.

तोंड कुणाच्याच कागदावर नाही. माझं डोकं नाहीतर तिचे केस मधे येतात. ते दिसलं तर एकाच जागेवरून दिसेल, खांबाजवळून. शौनकचा बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. मी वळवला. मी पूर्ण होते, ओठापर्यंत, इतकी मी की मी बोर्ड हातभर लांब धरला. माझ्या डोक्याच्या वर कागद खोडून खोडून फाटला होता.

रोहिणीला विचारलं. ती म्हणाली, ती बाई व्हय? सरांनी उभी केली ना, दुसरी आकृती म्हनून. सरांना विचारलं. त्यांना वाटत होतं ती माझी कुणी नातेवाईक, मला सोबत म्हणून येते. रचना चांगली दिसली म्हणून त्यांनी राहू दिली. करणला वाटत होतं तिला रोहिणीने आणलंय. ती येताना कुणी बघितली नव्हती, जातानाही नाही. कागदावर उतरवण्यासारखा आकार समोर होता, सगळ्यांनी उतरवला.

मी हसले. सगळे करणकडे बघायला लागले, त्याचा चावटपणा असणार म्हणून. त्याने आईची शप्पथ घेतली. मग कुणी हसलं नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

मी बसणार नाही असं सरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, पोरी, वीस जणांचं काम अर्धं झालंय, ही पोझ आता बदलता येत नाही. मी स्वतः दारात उभा राहतो, कुणी बाई आली तर मला दिसेल. वर्गातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नाही म्हणता आलं नाही.

तळहातात रोहिणीचा छोटा आरसा धरून बसले. आरशात भिंत, पत्रा, पाठून काढणारी मोनिका. तिच्या-माझ्यामधे कुणी नाही. मी दर थोड्या वेळाने बघत होते. कुणी नाही.

मग चारकोलचा आवाज थांबला. एकदम, सगळीकडून. सगळ्यांच्या नजरा माझ्या डोक्याच्या जरा वर गेल्या. तिथून हळूहळू खाली आल्या, मानेवरून, उजव्या खांद्यापर्यंत. आणि तिथं थांबल्या.

खांद्याला काहीच लागलं नाही. वजन नाही, गारवा नाही. आरशात माझा खांदा रिकामा.

रोहिणीने येऊन मला दंडाला धरून ओढलं. मोनिकाने मोबाईलवर फोटो काढला होता. फोटोत मी एकटी. सर दारातून हलले नव्हते. त्यांनी सावकाश चष्मा पुसला आणि आजच्यापुरतं पुरे म्हणाले.

शौनक सोमवारपासून आलेला नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

गोजरबाईंकडे गेले. रोहिणीला घरून फोन आला म्हणून ती येऊ शकली नाही. रेल्वे लायनीपलीकडे त्यांच्या मुलाचं शेत आहे. शेडमध्ये कांदा निवडत बसल्या होत्या. मला बघून हसल्या, आणि मग त्यांची नजर माझ्या मागे गेली. पदर तोंडावर घेतला.

"तिला भायेर ठिव, मंग ये," म्हणाल्या.

मी म्हटलं, माझ्यासोबत कुणी नाही. मी विचारत राहिले: ती कोण आहे, काय हवंय तिला, तुम्ही भिंतीला का बसायचात. माझा आवाज चढला असावा. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

"मला ठावं न्हाई, बाय. येकदा पाठीला मोकळं ठिवून बसले हुते, तवा लई वंगाळ वाटलं. तवापास्नं भितीला बसते. कोन हाय, कशाला हाय, मला काय बी ठावं न्हाई. ठावं असतं तर तुला बसू दिलं असतं का मी?"

निघताना त्यांनी पाणी दिलं. दोन तांबे आणले. एक माझ्या हातात दिला. दुसरा कुणाच्या हातात द्यावा तसा पुढे केला, मग भानावर येऊन जमिनीवर ठेवला.

१ ऑक्टोबर, बुधवार

शौनकचं घर दिल्लीगेटजवळ. त्याची आई म्हणाली, जेवत नाही, बोलत नाही, तू तरी बघ. तो गॅलरीत बसला होता. माझ्याकडे बघितलं नाही. बोलताना सगळा वेळ माझ्या चपलांकडे बघत होता.

त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. पहिल्या दिवशी तिला तोंड नव्हतं. आम्ही कागदावर सुरुवात करतो तसा नुसता लांबट गोल, मधून एक पुसट उभी रेघ. त्याला वाटलं उजेडामुळे. दुसऱ्या बैठकीला भुवया आल्या. वर्गात कागदांवर माझं तोंड जसं भरत गेलं, तसं तिचं भरत गेलं. तिसऱ्या बैठकीला त्याने माझा खालचा ओठ काढला, डावीकडे जरा जाड आहे तसा, आणि मान वर केली तर तिला तो आला होता.

म्हणून त्याने खोडायला घेतलं. खोडून तिचा ओठ गेला नाही. कागद फाटला.

मग त्याने विचारलं, बाकीच्यांनी किती पूर्ण केलंय.

मी म्हटलं, जवळजवळ सगळ्यांनी. मी बसत नाही, तरी आठवणीने भरतात.

तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मी निघेपर्यंत तसाच.

४ ऑक्टोबर, शनिवार

फाडले. सगळे.

दुपारी हॉल उघडाच असतो. रोहिणी आणि मी, दोघींनी मिळून. बोर्डांवरच्या पिना काढल्या आणि एकेक कागद फाडत गेलो, आधी घाईने, मग बारीक. हात काळे झाले. रोहिणी म्हणाली, सरांना मी सांगन, मीच केलं म्हनून, तू नवी हायस. मी नको म्हटलं. मागच्या आवारात सगळं पेटवलं. चारकोल जळताना वास येत नाही, कागदाचाच येतो.

रस्त्यावर येऊन आम्ही भेळ खाल्ली. किती दिवसांनी तिखट लागलं जिभेला. रोहिणीने माझ्या मागे बघितलं, नीट बघितलं आणि म्हणाली, कोन बी न्हाई.

मी रडले. ती भेळेचा कागद हातात धरून नुसती उभी राहिली.

६ ऑक्टोबर, सोमवार

सर चिडले, साहजिक आहे. पण एकट्या रोहिणीवर. मी तिच्या शेजारीच उभी होते. मी म्हटलं, सर, मी फाडले. त्यांनी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं. ते रोहिणीशीच बोलत राहिले. मग हजेरी घेतली, मनवा म्हणून माझं नाव घेतलं, मी हो म्हणायच्या आधी मान डोलावून त्यांनी खूण केली. माझ्याकडे बघून नाही. माझ्या डाव्या बाजूला बघून.

कागदांवर ती होती आणि मीही होते. फाडताना ती कुठे, मी कुठे, हे आम्ही बघितलंच नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मेसच्या मावशी ताट माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवतात. मी ते ओढून घेते.

करण आज म्हणाला, मनवा, हल्ली छान दिसतेस. तो माझ्याशी बोलत नव्हता. तो जिच्याशी बोलत होता तिने काहीतरी उत्तर दिलं असणार, कारण तो हसला.

मला ती अजूनही दिसत नाही. सगळ्यांना दिसते.

रोहिणीला मी दिसते. पण हाक मारली की ती जरा वेळाने वळते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीला घरी आले. गाडीतून उतरल्यावर राजूरच्या बाजारात भाताचा आणि मातीचा वास आला आणि वाटलं, इथवर ती येणार नाही.

आईने दार उघडलं. मला जवळ घेतलं. मला. गालावर हात फिरवून म्हणाली, वाळलीस. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि ती माझ्यामागे बघून म्हणाली, अगं मैत्रिणीला आत बोलव ना, दारात का उभी ती?

१८ ऑक्टोबर, शनिवार

आईला मैत्रीण आवडली. बोलत नाही फार, पण कामाला चटपटीत आहे, न सांगता पणत्या पुसून ठेवल्या, म्हणाली. अप्पांनाही आवडली. तिने त्यांच्या शाळेबद्दल विचारलं. मी कधी विचारलं नव्हतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. अप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाले, उपाशीपोटी रंगांच्या वासात बसता तुम्ही मुली. चार दिवस आराम कर. आई म्हणाली, असं पाहुणीच्या देखत बोलू नये.

आई असंही म्हणाली की तिच्यात माझी झाक आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार

अभ्यंगाच्या वेळी उठले तर न्हाणीसमोर पाट मांडलेला. आई पाटाशी बसली होती आणि हवेत हात फिरवत होती. तेलाचे हात. वर, मग खाली, मग गोल. उटणं लावलं. तिचे हात कशावर तरी दाबले जात होते. ती गुणगुणत होती आणि मधेच म्हणाली, मने, मान खाली घाल.

मने मला म्हणते ती. मलाच.

मी हाक मारली. तिने वर बघितलं. ओळखीचं हसली, शेजारच्या बायकांकडे बघून हसते तसं.

"तुझं नाव काय गं म्हणालीस? सांगितलंस, पण विसरले बघ."

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

घर सोडलं, खोलीवर परत आले. ती माझ्यामागे येते तर मी तिथं राहायला नको. मी गेले तर ती येईल. आई-अप्पांपासून तेवढी तरी लांब जाईल. दुसरं काही सुचत नाही.

निघताना आईने दही दिलं. माझा तळहात पुढे होता. तिने त्याच्या बाजूला, हवेत दिलं. दही खाली पडलं नाही.

मला ती म्हणाली, नीट जा हं, घरच्यांना नमस्कार सांग.

२९ ऑक्टोबर, बुधवार

रोहिणी काल आली पाथर्डीहून. करंज्यांचा डबा आणलाय. दोन वाट्या काढल्या. एक स्वतःला, एक —

मी तिच्या समोर बसले. तिचे दोन्ही गाल धरले. रोहिणी, मी. माझ्याकडे बघ. कागद आपण दोघींनी फाडले. भेळ खाल्ली. तिने बघितलं. बघितलं, खरंच. डोळे भरले तिचे. म्हणाली, मनवा, तू लई पुसट झालीस गं.

मग मला धरून बसली. रात्रभर सोडलं नाही.

सकाळी मी माझ्या कॉटवर बसले तर तिने विचारलं, खिडकीजवळच्या कॉटवर कोण बसलंय.

३ नोव्हेंबर, सोमवार

शौनकला फोन. तो उचलतो. हॅलो हॅलो म्हणतो. ठेवतो.

सरांसमोर उभी राहिले. त्यांच्या हातातला चारकोल घेऊन भिंतीवर माझं नाव लिहिलं, मोठं. ते भिंतीकडे बघून कुणाला तरी म्हणाले, पाऊस नाही तरी ओल कशी येते इथे.

स्वतःचं चित्र काढायला बसले, आरसा ठेवून. आरशात मी आहे. कागदावर लांबट गोल येतो आणि मधली रेघ. पुढे हात चालत नाही. पुढचं मला आठवत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रोहिणी आता वळत नाही. हाक मारून घसा —

खिडकीशी बसून ती कुणाशी तरी बोलते. हसते. गोड चहा करते. दोन कप.

चांगली आहे रोहिणी. तिचा काही दोष नाही. कुणाचाच —

११ नोव्हेंबर, मंगळवार

अप्पा आले.

हॉलच्या दारात. पांढरा शर्ट, हातात आईने दिलेली पिशवी. मी धावत गेले आणि ते ज्या बाजूला बघत होते तिकडे मीही बघितलं —

दिसली. पहिल्यांदा. माझा हिरवा कुडता. माझा ओठ. माझ्यापेक्षा जास्त मी. आणि मी तिच्या मागे उभी होते.

ती अप्पांना म्हणाली, हे शिक्षण मला नको. घरी येते. तुमचं बरोबर होतं, शिक्षिका होते.

अप्पांचा चेहरा. एवढा आनंद मी कधी दिला नाही त्यांना. त्यांनी पिशवी खाली ठेवली. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी त्यांची बाही धरली. अप्पा, ही मी नाही. अप्पा, मला नको नाहीये हे, मला हवंय, तुम्ही सुतळी बांधलीत — त्यांनी बाही सोडवून घेतली. खिळ्यात अडकल्यासारखी. फाटली का बघितलं.

गाडीपर्यंत गेले मागे. तिला खिडकी दिली त्यांनी. गाडी हलली तेव्हा तिने वळून बघितलं. माझ्याकडे. ती वाईट नजर नव्हती. भागवत सर बघतात तशी. आकार बघावा तशी.

१२ नोव्हेंबर

पुढच्या गाडीने जाणार होते. कंडक्टर दार माझ्या अंगावर — तीन गाड्या गेल्या.

खोलीवर आले. रोहिणी माझं सामान बांधते आहे. अप्पांनी सांगितलंय, टेम्पोने पाठव. कपडे भरले. रंग भरले. बोर्ड ट्रंकेला बांधला. ती रडते आहे, जाणाऱ्या मैत्रिणीसाठी.

आता ही वही तेवढी राहिली. तिला दिसली. येते आहे. हात पुढे —

रोहिणी, सोडणार नाही मी. रोहिणी, इकडे, खाली नको बघू, मी इथं आहे, अगदी तुझ्या